कळसूबाईच्या वाटेवर

तुम्ही कधी तंबूत रात्र काढली आहे का? 'तंबू' हा शब्द तुम्हांला नवा नाही, उर्दूतही तो तसाच आहे. पण शब्द माहीत असणे वेगळे आणि त्या कापडी घरात झोपणे वेगळे. 2022च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची पाच माणसे दोन रात्री तंबूत राहिलो आणि महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर चढून आलो. त्याची हकिकत मी तुम्हांला सांगणार आहे. 'हकिकत' हा शब्दही तुमच्या ओळखीचाच, नाही का?

पाच माणसे म्हणजे मी, माझे पती, आमचा दहा वर्षांचा मुलगा आणि माझे अम्मी-अब्बा. अब्बांनी मालेगावात पस्तीस वर्षे यंत्रमाग चालवला. यंत्रमागाला आमच्याकडे सगळे सांचा म्हणतात. तुमच्यापैकी काहीजण सांच्याच्या आवाजातच लहानाचे मोठे झाले असतील, तर मी काय सांगते आहे ते तुम्हांला लगेच कळेल. कारखान्यात एका वेळी वीस-पंचवीस सांचे चालतात. आपण घरात बोलतो तो आवाज साधारण साठ डेसिबल असतो. कारखान्यातला आवाज नव्वदच्याही वर जातो, आणि पाळी असते बारा तासांची. आपल्या कानाच्या आत शंखासारखा एक अवयव असतो. त्यात केसांसारखे टोक असलेल्या अतिशय सूक्ष्म पेशी असतात. फार मोठा आवाज वर्षानुवर्षे कानावर पडला, की त्या हळूहळू मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. अब्बांच्या उगवल्या नाहीत. साठी ओलांडली तेव्हा त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येईनासे झाले होते.

आमची सहल शहरातल्या एका मंडळाने आखली होती. आमच्याबरोबर आणखी दोन कुटुंबे होती. मालेगावहून नाशिक, नाशिकहून घोटी आणि घोटीहून भंडारदरा असा एस.टी.ने प्रवास झाला. घोटी सोडली की डोंगर जवळ येऊ लागतात. हा भाग अकोले तालुक्यातला. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. इथे साडेतीनशे चौरस किलोमीटरांहून मोठे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. ते 1986 साली घोषित झाले. भंडारदऱ्याला प्रवरा नदीवर इंग्रजांच्या काळातले दगडी धरण आहे. ते 1926 साली पूर्ण झाले. धरणामागे डोंगरांच्या कुशीत पाणी दूरवर पसरलेले दिसते. त्याच्या काठाला, एका शेतकऱ्याच्या मोकळ्या शेतात आमचे तंबू होते.

तंबू आम्हांला स्वतः उभारायचे होते. आमच्या कुटुंबाला वाट दाखवायला कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावचा एक तरुण होता. डोंगरात वाट दाखवणाऱ्याला मराठीत 'वाटाड्या' म्हणतात. उर्दूत तुम्ही रहबर म्हणाल. मला दोन्ही शब्द आवडतात, पण वाटाड्या या शब्दाला पायांची धूळ लागलेली आहे. आमचा वाटाड्या बावीस-तेवीस वर्षांचा, महादेव कोळी समाजाचा, अंगाने सडसडीत आणि बोलायला मोजका. त्याने आधी जमीन पाहिली. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तंबू लावायचा नाही, कारण वर डोंगरात पाऊस पडला तर पाणी खाली न सांगता येते. दार वाऱ्याच्या तोंडावर ठेवायचे नाही. जमिनीत ठोकायच्या खुंट्या तंबूच्या उलट बाजूला कलत्या ठोकायच्या, म्हणजे दोर ताणला तरी त्या उपटत नाहीत. आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पायांत घालायचे नाहीत, कारण रात्री त्यांत विंचूही मुक्कामाला आलेला असतो. हे शेवटचे ऐकल्यावर माझा मुलगा बूट उशाशी घेऊन झोपला.

जेवणाची आम्हांला थोडी काळजी होती. पण शेताच्या मालकांनीच विषय काढला. "कोंबडं तुम्ही तुमच्या हातानं कापा, मसाला आमच्या घरचा," असे म्हणून त्यांनी सुरी धुऊन माझ्या पतींच्या हातात दिली. प्रश्न तिथेच संपला.

खरी अडचण रात्री जेवताना उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे कळसूबाई चढायचे होते. मंडळाच्या प्रतिनिधीने प्रत्येकाचे वय विचारले आणि अब्बांपाशी येऊन ते थांबले. "आजोबांना ऐकू येत नाही. त्यांना तंबूतच राहू द्या," ते माझ्याकडे पाहून म्हणाले. अब्बांशी ते बोललेच नाहीत. मला राग आला, आणि तो का आला हे तुम्हांला समजेल. ज्याच्याविषयी बोलायचे तो माणूस समोर भाकरी खात बसलेला असताना आपण त्याच्या डोक्यावरून बोलतो, तेव्हा तो माणूस तिथे नसतोच जणू. पण त्यांच्या म्हणण्यातही तथ्य होते, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. डोंगरात वरून दगड सुटला, तर "दगड!" असे ओरडण्याची पद्धत आहे. ती हाक ज्याला ऐकू येत नाही, त्याने काय करायचे?

वाटाड्या मध्ये बोलला नाही. तो उठला, अब्बांच्या समोर जाऊन उकिडवा बसला आणि हातानेच त्यांना "चला" असे खुणावले. दोघे अंधारात धरणाच्या काठाने गेले. अर्ध्या तासाने परत आले तेव्हा वाटाड्या हसत होता. "पाय चांगले आहेत," तो म्हणाला. "मी माझ्यामागं ठेवीन. पण बाबांनी माझं ऐकायचं."

"ऐकायचं तेवढं सांगू नका, बेटा," अम्मी म्हणाल्या. "बघायचं म्हणा."

मग पुढचा तासभर जे चालले, ते मी विसरणार नाही. सांच्याच्या कारखान्यात कोणीच कोणाचे ऐकू शकत नाही. म्हणून तिथले कामगार ओठ वाचतात आणि हाताच्या खुणांनी बोलतात. अब्बांनी कंदिलाच्या उजेडात वाटाड्याला त्या खुणा शिकवल्या. पंजा आडवा केला, की सांचा बंद कर. एक बोट हवेत गरगर फिरवले, की सांचा चालू कर. दोन्ही हातांच्या चिमटी जुळवून झटक्याने वेगळ्या केल्या, की तार तुटली. कारखान्यात सुताला तार म्हणतात, हे वाटाड्याला ठाऊक नव्हते. त्याला वाटले विजेची तार. ते समजावण्यात बराच वेळ गेला. शेवटी दोघांनी मिळून ठरवले की डोंगरावर 'तार तुटली' म्हणजे पुढची पायरी किंवा दगड हलतो आहे, जपून. मंडळाच्या प्रतिनिधीने हे सगळे दुरून पाहिले आणि वहीत अब्बांचे नाव लिहिले.

त्या रात्रीची आणखी एक गोष्ट सांगते. निजानीज झाल्यावर मी तंबूतून बाहेर डोकावले, तर अब्बा पाण्याकडे तोंड करून बसलेले. मुलगाही त्यांच्याजवळ जाऊन बसला होता. इतकी शांत जागा मी त्याआधी पाहिली नव्हती. मला वाटले, अब्बांना आता तरी शांत वाटत असेल. पण अब्बा मुलाला सांगत होते, "इथे तर सांचे जास्तच जोरात चालतात." कान बिघडले की पुष्कळांना आतूनच एक आवाज सतत येत राहतो. दिवसा गडबडीत तो दबतो आणि बाहेर सगळे शांत झाले की वर येतो. पस्तीस वर्षांचा कारखाना त्या पाण्याकाठी त्यांच्या कानात चालू होता. मी त्यांची मुलगी, एवढी शिकलेली, आणि ही गोष्ट मला त्या रात्री पहिल्यांदा कळली. अब्बांनी कधी सांगितली नव्हती. त्यांना वाटत असे, सगळ्यांच्याच कानात असे असते.

मुलाने थोडा विचार केला. मग त्याने टॉर्च लावला आणि वहीवर उर्दूत यादी लिहायला घेतली, की आता बाहेर काय काय ऐकू येते आहे. रातकिडे. पाणी काठाला आपटते आहे. टिटवी ओरडत लांब गेली. तंबूचे कापड फडफडले. कुठेतरी कुत्रा भुंकतो आहे, बहुतेक पलीकडच्या गावात. नानी घोरते आहे. अब्बा एकेक ओळ वाचत आणि मान हलवत. शेवटच्या ओळीला ते एवढ्या मोठ्याने हसले, की नानीचे घोरणे थांबले.

पहाटे साडेतीनला जीपने आम्ही बारीला पोचलो. अम्मींचे गुडघे दुखतात, म्हणून त्या वाटाड्याच्या घरी त्याच्या आजीपाशी थांबल्या. आम्ही चारच्या सुमारास चालू लागलो. कळसूबाई शिखराची समुद्रसपाटीपासून उंची 1646 मीटर आहे आणि बारीपासून सुमारे आठशे मीटर चढावे लागते. आठशे मीटर सपाट रस्त्यावर चालायला दहा-बारा मिनिटे पुरतात. तेच उभे करून ठेवले, की तीन-चार तास लागतात. शेतांचे बांध संपले, मग दगडी पायऱ्या लागल्या. वाटाड्या पुढे, त्याच्यामागे अब्बा, अब्बांच्या मागे माझे पती, मग मुलगा आणि शेवटी मी. काही दाखवायचे असले, की वाटाड्या वळायचा आणि टॉर्चचा प्रकाश स्वतःच्याच हातावर टाकायचा. अंधारात फक्त तो हात दिसायचा. तार तुटली. सांचा चालू. तार तुटली. अब्बा पाऊल टाकण्याआधी दगड चाचपायचे आणि पुढे व्हायचे.

विसाव्याला बसलो, तेव्हा वाटाड्याने कळसूबाईची दंतकथा सांगितली. कळसू ही एक कोळ्याची मुलगी होती. तिला रानात भटकायला आवडे. पायथ्याच्या गावात ती एका घरी कामाला राहिली, पण तिची अट होती, की भांडी घासणार नाही आणि झाडलोट करणार नाही. काही दिवस बरे गेले. एके दिवशी घरातल्या कोणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला सांगितलेच. तिने ते काम केले, आणि काम संपताच डोंगर चढून गेली ती परत आलीच नाही. शिखरावरचे लहानसे मंदिर तिचेच आहे. ही गोष्ट इतिहास नव्हे, पण मला ती फार आवडली. आपल्या वर्गातल्या मुलींनाही आवडेल, अशी माझी खात्री आहे.

पूर्वेकडे थोडे फटफटले, तेव्हा आम्ही एका सपाट जागी होतो. अब्बांनी वाटाड्याला हातानेच विचारले, सूर्य कुठे मावळतो? त्याने क्षणभर डोंगरांच्या काळ्या रेषांकडे पाहिले आणि हात केला. अब्बांनी आणि माझ्या पतींनी तिथे रुमाल अंथरून फजरची नमाज अदा केली. वाटाड्या पाण्याची बाटली सांभाळत बाजूला बसून राहिला. नमाज होईपर्यंत त्याने दुसऱ्या कुटुंबांनाही हाताने थोपवून धरले होते, पंजा आडवा करून.

कळसूबाईच्या वाटेवर जिथे कातळ सरळ उभा आहे, तिथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. दोन्ही बाजूंना धरायला कठडे आहेत. शिड्या पक्क्या आहेत, पण दवाने ओल्या झाल्या की पाय घसरतो. त्या दिवशी दव होते आणि वरून ढगही उतरला होता. कोकणाच्या बाजूने वारा कड्यावर येऊन आदळत होता. पाच-सहा पायऱ्यांपलीकडचे काही दिसेना. तिसऱ्या शिडीच्या तळाशी आम्ही उभे होतो आणि वाटाड्या पहिल्या पायरीवर पाय ठेवणार, इतक्यात अब्बांनी त्याचा खांदा धरला. त्यांचा दुसरा हात कठड्याच्या लोखंडावर होता. त्यांनी पंजा आडवा केला. सांचा बंद.

आम्हांला काही कळेना. आम्ही सगळे कान असलेले लोक, पण वाऱ्याच्या घोंघाटात कोणालाच काही ऐकू आले नव्हते. अब्बा लोखंडावर हात ठेवून तसेच उभे राहिले आणि त्यांनी आम्हां सगळ्यांना कातळाला चिकटून उभे राहायला खुणावले. मी मुलाला ओढून घेतले. काही क्षणांनी नारळाएवढा एक दगड शिडीच्या कडेवर आपटून, आमच्या समोरून उसळी घेऊन खाली ढगात गेला. तो खाली कुठे पडला, त्याचा आवाजही आला नाही. त्याच्यामागून सात-आठ तरुण धडाधडा शिडी उतरत आले. रात्री शिखरावर मुक्काम करून ते घाईने परतत होते. "दगड!" असे कोणी ओरडले होते का, देव जाणे. ओरडले असतील, तर वाऱ्याने ते नेले.

वाटाड्याने त्या मुलांना जे सुनावले, ते पाठ्यपुस्तकात लिहिण्याजोगे नाही. मग तो अब्बांकडे वळला आणि कठड्यावर हात ठेवून भुवया उंचावल्या. तुम्हांला कसे कळले? अब्बांनी त्याचा तळहात धरून लोखंडावर दाबून ठेवला. कारखान्यात मिस्तरी हाच धंदा करतो. सांच्यात कुठे काय बिघडले, ते आवाजावरून कळण्याची सोय नसते, कारण आवाज सगळ्याच सांच्यांचा असतो. तो सांच्याच्या अंगावर हात ठेवतो. थरथर बदलली, की काहीतरी सैल झाले आहे. वरून सात-आठ माणसे धावत येत होती आणि शिडी ते अब्बांच्या हाताला सांगत होती.

तिथून पुढे प्रत्येक शिडीपाशी वाटाड्या आधी अब्बांना कठडा धरायला लावी आणि त्यांचे बोट गरगर फिरेपर्यंत थांबे.

शेवटच्या शिडीच्या आधी एक विहीर आहे. वारा वाढला म्हणून वाटाड्याने आम्हांला तिथे पाऊण तास बसवून ठेवले. मुलगा कुरकुरत होता, "एवढंच तर राहिलंय!" वाटाड्या त्याला म्हणाला, "डोंगर उद्याबी इथंच आहे." दुसऱ्या कुटुंबातल्या एका काकांना चहा करायला काटक्या पेटवायच्या होत्या. त्याने त्यांनाही मनाई केली. पावसाळा संपला की गवत वाळू लागते आणि एक ठिणगी अख्खा उतार जाळते. अभयारण्य धोक्यात येईल अशा रीतीने विस्तव पेटवायला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच बंदी आहे, हे मी काकांना सांगितले. त्यांना कायदा पटला नाही, पण वाटाड्याचा चेहरा पटला.

आठच्या सुमारास आम्ही शिखरावर होतो. जागा लहानशी आहे. मंदिराच्या भोवती चारी बाजूंना उतार आहेत. ढग फाटत होता आणि मिटत होता. फाटला, की खाली भंडारदऱ्याचे पाणी चकाके आणि पलीकडे अलंग, मदन, कुलंग हे किल्ले दिसत. हे सगळे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाले आहेत. कड्यांवरचे आडवे पट्टे नीट पाहिले, तर ते थर मोजताही येतात. भूगोलाच्या तासाला मी ते खडूने कितीदा काढले होते! अब्बांनी ते पट्टे पाहिले आणि म्हणाले, "थानावर थान रचून ठेवले आहेत." थान म्हणजे कापडाचा गठ्ठा. मी फळ्यावर काढलेल्या आकृतीपेक्षा हे सोपे आहे.

उतरण्याविषयी एवढेच सांगते, की चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघे रडतात. दुपारी मुलाने पायथ्याच्या एका लहान कातळावरून दोराने उतरण्याचा सराव केला. कमरेला पट्टा, डोक्यावर शिरस्त्राण आणि वाटाड्याच्या हातात दोर. पहिल्या वेळी तो कातळाला पालीसारखा चिकटला आणि दुसऱ्या वेळी खाली येऊन "अजून एकदा" म्हणाला. सहलीच्या कागदावर 'साहसी खेळ' म्हणून लिहिलेले होते ते एवढेच.

जेवण वाटाड्याच्या घरी होते. नाचणीची भाकरी, पिठले आणि ठेचा. अम्मी आणि आजी सकाळपासून एकमेकींशी बोलत बसल्या होत्या. अम्मींचे मराठी थोडेसेच आणि आजींना उर्दूचा गंधही नाही, तरी आम्ही पोचलो तोवर अम्मींना त्या घरातल्या तिन्ही सुनांची माहेरे ठाऊक झाली होती. अंगणात वलणीवर आजींचे नवे लुगडे वाळत होते. हात धुऊन अब्बा तिकडे गेले, त्यांनी लुगड्याची किनार दोन बोटांत धरली, उलटीसुलटी करून पाहिली आणि उन्हाला धरली.

"हे आमच्या गावचं," ते मराठीत म्हणाले. "मालेगावचं."

आजी पुढे आल्या. अब्बांना ऐकू येत नाही, हे अम्मींनी त्यांना सांगितलेलेच होते. म्हणून त्या अगदी समोर उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द ओठांनी मोठा करून म्हणाल्या, "मंग मला सांगा, हे धुतल्याव आटतं का?"

"आटतं," अब्बा म्हणाले. "पहिल्या धुण्याला वीतभर."

आजींनी लुगडे वलणीवरून ओढले, अब्बांच्या समोर धरले आणि आपला अख्खा हात त्यावर कोपरापर्यंत मोजून दाखवला.